बोटं दाखव

ग्वाल्हेर, ११ जानेवारी

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी आवाज चढवला आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय. तुझा तो डिस्क गोल्फ, चकती लांबून साखळ्यांच्या बास्केटात फेकायचा खेळ, सोडून दे, असं मी म्हणायला नको होतं. पण बर्फात हरवू नये म्हणून डिस्कला बांधलेली लाल फीत तू कौतुकाने दाखवत होतास, तेव्हा मला फीत दिसलीच नाही. तुझी अनामिका दिसली. मधल्या पेरापर्यंत मेणासारखी पांढरी, आणि त्याखाली रेघ मारल्यासारखा नेहमीचा रंग.

आजीची बोटं अशीच व्हायची. छावणीच्या घरात पहाटे हौदाचं पाणी काढलं की आधी पांढरी, मग निळसर, आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन अशी ठणकायची की ती पदर दातांत धरून बसायची. आम्हाला वाटायचं, थंडीच आहे, होणारच. पुढे डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेनॉड. थंडीने बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि हे कधी कधी घराण्यात चालतं म्हणाले. माझ्यात नाही आलं. म्हणून मी निश्चिंत होतो रे.

इथे आज ५ अंश आहे, धुक्यात किल्ला दिसत नाही. तुझ्याकडे उणे १२. फिनलंडच्या त्या टाम्पेरेत दुपारी चारच्या सुमारासच अंधारू लागतं आणि तुम्ही डिस्कला दिवे लावून खेळता, हे आईला सांगितलेलं नाही.

बोटांची थंडी बोटांत नसते, छातीत असते. धड गारठलं की शरीर आधी काळीज सांभाळतं आणि हातांकडचं रक्त आखडतं. म्हणून आत लोकरीची बंडी, डोक्याला टोपी, मनगटं झाकलेली. फेकण्यापुरताच उजवा हात उघडा कर, लगेच परत आत. पाच बोटांच्या मोज्यापेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात तो मोजा बरा. कमरेला बांधायची ती लोकरीची पिशवी मिळते ना, दोन्ही बाजूंनी हात घालायची, ती घे. लोखंडाच्या भुकटीची गरम पुडी हवा लागल्याशिवाय तापत नाही, तेव्हा पहिल्या बास्केटपाशी पोचून नको, घरून निघतानाच तिचं वरचं पाकीट फोड. नुसत्या कातडीवर ठेवू नकोस. आणि डिस्क दर वेळी कोरड्या पंचाने पूस. एक पंचा भिजला की दुसरा हवा. ओला हात कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर गारठतो. सिगरेट ओढत असशील तर तिनेही रक्तवाहिन्या आवळतात. विचारत नाही, सांगतोय.

बघ, पुन्हा शिकवणी सुरू झाली. तू सव्वीस वर्षांचा आहेस आणि थंडीत प्लास्टिक कडक होतं, मऊ डिस्क घ्यावी लागते, हे तूच मला शिकवलंस. माफ कर.

तानसेन समारोहाला तुला पहिल्यांदा नेलं, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. मोहम्मद गौसांच्या मकबऱ्याच्या आवारात इतकं धुकं होतं की मंचावरचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. मंडपामागे एक म्हातारे तबलजी हात काखेत दाबून बसले होते, सिगडी शेजारी असून. तू त्यांनाच जाऊन विचारलंस, का म्हणून. ते म्हणाले, "बेटा, बधिर उंगली को जलना पता नहीं चलता." मग घरी महिनाभर रियाजाआधी तू हात काखेत घालून बसायचास, आणि तुझा तिरकिट त्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वच्छ वाजला. तू तबला सोडलास याचं मला वाईट वाटलं होतं, हे तुला ठाऊक आहे.

मागच्या व्हिडिओत फेकण्याआधी तू उजवा हात काखेत घातलास. क्षणभरच. आई म्हणाली, "बघितलंत?" मी तेवढंच सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिलं. डिस्क झाडाला वळसा घालून गेली आणि साखळ्यांचा आवाज आला. असा हात आमच्या घरात कुणाचाच नव्हता.

म्हणून म्हणतो. बोट पांढरं पडून बधिर झालं की खेळ तिथेच थांबव, गुण काहीही असोत. आत जा. चोळू नकोस, हीटरवर धरू नकोस, कोमट पाण्यात ठेव. ऊब मिळूनही रंग परतला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि आजीचं त्यांना सांग, ते महत्त्वाचं आहे.

येत्या रविवारी फोन करशील ना? मी खेळाबद्दल एक शब्द बोलणार नाही. फक्त मोजे काढून दोन्ही हात उजेडात धर, नखांसकट.

तुझा,
बाबा

ता. क. मेळ्यातून लोकर आणून आईने मनगटपट्टे विणलेत, अंगठ्याला भोक ठेवून. उद्या पोस्टात टाकतो. माप माझ्या हातावर घेतलंय, सैल झाले तर कळव.