पासवर्ड बदलण्याची सक्ती थांबवा

संपादक महोदय, स. न.

मी एका सहकारी बँकेच्या शाखेत २२ वर्षे काउंटरवर काम करते. आमच्याकडे दर ३० दिवसांनी पासवर्ड बदलावाच लागतो. त्यात मोठे अक्षर, आकडा आणि चिन्ह हवे, मागचे पाच पासवर्ड चालत नाहीत. परिणामी जवळ आलेल्या सणाचे नाव आणि पुढे महिन्याचा आकडा, असे पासवर्ड शाखेत सर्रास दिसतात. ज्यांना तेही आठवत नाहीत त्यांच्या चिठ्ठ्या कीबोर्डखाली सापडतात. पेन्शनच्या दिवशी रांग दाराबाहेर गेलेली असते आणि नेमके लॉगिन लॉक होते. मुख्य कार्यालयातला फोन कुणी उचलत नाही. मग शेजारच्याच्या लॉगिनवर काम उरकले जाते. नोंद एकाने करायची आणि पास दुसऱ्याने, ही बँकेची जुनी खबरदारी तिथेच संपते.

पासवर्ड सतत बदलण्याचा हा नियम ज्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेमुळे जगभर रुजला, ती वीस वर्षांहून जुनी. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये आपल्या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका काढणाऱ्या संस्थेने सुधारित सूचना दिल्या: पासवर्ड लांब असू द्या, चिन्हांची सक्ती नको आणि तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोजच्या शिफारशींतून ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलण्याची अट वगळली. आमच्या बँकेपर्यंत हे अजून पोहोचलेले नाही.

आता तर पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली, आली आहे. तिचा गुप्त भाग साइटकडे कधीच जात नाही, आपल्याकडेच राहतो, आणि ती ज्या साइटसाठी बनली तिथेच चालते, त्यामुळे हुबेहूब नकली पानावर ती उपयोगी पडत नाही. ओटीपी फोनवर गोड बोलून काढून घेता येतो, ही किल्ली कुणाला सांगताच येत नाही.

मात्र ती आणताना कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवर भार टाकू नये. बँकेने प्रत्येकाला यूएसबीची सुरक्षा-की, म्हणजे पासकी साठवणारे संगणकाला लावायचे छोटे उपकरण, द्यावे, हरवले तर शाखेत दुसरे तयार असावे. केवळ अंगठ्याच्या ठशावरही विसंबू नये. आमच्या रोखपालांची बोटे नोटा मोजून इतकी झिजली आहेत की हजेरीचे यंत्र त्यांना दोन-तीनदा नाकारते. पिनचा पर्याय हवाच.

या सगळ्याला वेळ लागेल, हे समजते. तोवर निदान ३० दिवसांची अट काढावी. येत्या १ तारखेला पेन्शनची रांग लागेल, आणि माझ्या पासवर्डची मुदत त्याच सकाळी संपते आहे.

– एक बँक कर्मचारी, सातारा