पाँपेईची लाल खोली दोन तासांत दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इटलीच्या सहलीवरचा लेख वाचला. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले प्राचीन रोमन शहर म्हणजे पाँपेई. 'पाँपेईला दोन तास पुरेत' असे त्यात म्हटले आहे आणि शेजारी छायाचित्र छापले आहे ते लाल भिंतीवरच्या स्त्रियांचे. गंमत अशी की दोन तासांच्या फेरीत नेमकी हीच चित्रे दिसत नाहीत. ती आहेत 'व्हिला देई मिस्तेरी' या घरात, आणि हे घर शहराच्या तटाबाहेर, हर्क्युलेनियम दरवाजाच्याही चारेकशे मीटर पुढे आहे. सांगली-मिरजेतून युरोपला जाणारी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली चूक तिकिटातच होते. पाँपेईची तिकिटे दोन प्रकारची मिळतात. स्वस्तातल्या तिकिटावर फक्त तटाच्या आतले शहर पाहता येते. बाहेरच्या व्हिलांसाठी त्याहून थोडे महाग तिकीट लागते. सहल कंपन्या बहुधा स्वस्तातलेच काढतात आणि कार्यक्रमपत्रिकेत नुसते 'पाँपेई दर्शन' छापतात. पैसे भरण्यापूर्वी 'तिकीट कोणते?' एवढे एक विचारून घ्यावे. नोव्हेंबर २०२४ पासून तिकिटावर नाव असते आणि दिवसाला २० हजारांहून जास्त लोकांना आत सोडत नाहीत. त्यामुळे पासपोर्टवरचे नाव तिकिटावर तसेच्या तसे हवे, आणि ऐन वेळी खिडकीवर तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये. ३० × ३० × १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जाऊच नये.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून सोरेंतोकडे जाणारी 'चिर्कुमवेसुविआना' लोकल धरावी. उतरायचे स्थानक 'पाँपेई स्कावी - व्हिला देई मिस्तेरी'. नुसते 'पाँपेई' नाव असलेले दुसऱ्या रेल्वेचे स्थानक आजच्या गावात आहे. तिथे उतरलात तर उन्हात चालावे लागते. लोकलमध्ये पाकीटमार असतात, तेव्हा पासपोर्ट मागच्या खिशात नको.

पोर्ता मरीना दरवाजातून आत गेल्यावर फोरम म्हणजे मुख्य चौक ओलांडून थडग्यांच्या रस्त्याने व्हिलापर्यंत रमतगमत अर्धा तास लागतो. रस्ता काळ्या लाव्हाच्या दगडांचा, वर-खाली झालेला, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेला. चपला-सँडल घालून हमखास पाय मुरगळतो, आणि गुडघेदुखी असलेल्यांनी काठी न्यावीच. सावली जवळजवळ नाही. शहरात नळांना पिण्याचे पाणी आहे, रिकामी बाटली सोबत ठेवावी. आधी व्हिला उरकावा, मग शहर. उलट केले की पाय थकतात, व्हिलाचा शेवटचा प्रवेशही निघून जातो.

हे घर १९०९ साली सापडले. १९२९-३० मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांनी बहुतेक भाग उकरला. लाल खोली साधारण सात मीटर लांब नि पाच मीटर रुंद. तीत जवळजवळ माणसाएवढ्या २९ आकृती आहेत. आत पाऊल टाकता येत नाही, उंबऱ्याशी उभे राहूनच पाहायचे. बहुतेक लोक समोरच्या भिंतीवरचा डायोनायससचा, म्हणजे मद्याच्या ग्रीक देवाचा, फोटो काढून वळतात. खरे तर चित्र डावीकडून वाचायचे असते: पोथीची गुंडाळी वाचणारा मुलगा, वीणेसारखे वाद्य घेतलेला डायोनायससचा सोबती म्हातारा सायलीनस, दचकून मागे सरलेली बाई. मग समोरची भिंत. तिच्या उजव्या टोकाला पंख असलेल्या एका स्त्रीने चाबूक उगारला आहे, पण फटका जिच्यावर बसणार ती समोरच्या भिंतीवर नाहीच. ती कोपरा ओलांडून उजवीकडच्या भिंतीवर, दुसरीच्या मांडीत तोंड खुपसून बसली आहे. चाबूक खोलीच्या कोपऱ्यातून फिरतो! पुस्तकातल्या सपाट छायाचित्रात हे कळत नाही. तेव्हा दोन्ही भिंती एकदम दिसतील असे उभे राहावे. हा डायोनायसस पंथातला दीक्षाविधी की लग्नाची तयारी, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. गाइड एकच उत्तर ठासून सांगू लागला तर ऐकून सोडून द्यावे.

त्याच घरात काळ्या भिंतींची एक खोली आहे. तिच्यावर इजिप्शियन वळणाच्या इवल्याशा आकृती रंगवल्या आहेत. गर्दी तिथून न थांबता पुढे सरकते. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी मात्र मेंढ्याच्या तोंडाचा तुळईसारखा ओंडका बसवलेला द्राक्षे पिळण्याचा घाणा चुकवू नये. लाकूडकाम नव्याने केलेले आहे, जागा मूळची.

लेखात अजिंठ्याच्या चित्रांनाही 'फ्रेस्को' म्हटले आहे, ते बरोबर नाही. अजिंठ्याला भुसा-तंतू मिसळलेल्या मातीच्या लिंपणावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. फ्रेस्कोत चिकट द्रव्य लागत नाही. चुन्याचा गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड बनतो आणि रंगाचा कण त्या कवचात अडकतो. म्हणून भिंतीचा जेवढा भाग त्या दिवशी रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. तिरप्या उजेडात एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गिलाव्यातले सांधे दिसतात, ते जरूर शोधावेत. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हिअसने वाळूच्या गिलाव्याचे तीन थर आणि त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन थर सांगितले आहेत. प्रत्यक्षात एवढे थर क्वचितच आढळतात. कंत्राटदार तेव्हाही कंत्राटदारच.

लाल रंगाचेही तसेच. उंची लाल म्हणजे हिंगूळ, आणि तो उन्हात काळा पडतो. फाबेरिअस नावाच्या कारकुनाच्या भिंती तीस दिवसांत डागाळल्या, असे विट्रुव्हिअसनेच लिहून ठेवले आहे. उपाय म्हणून वरून मेण नि तेल चढवीत. स्वस्त लाल म्हणजे गेरू, तो टिकतो. पण पाँपेईत लाल दिसणारी प्रत्येक भिंत मुळात लाल असेलच असे नाही. पिवडीला ज्वालामुखीची धग लागली की तिचा गेरू होतो.

आणि मेणाचा घोळ विसाव्या शतकातही झाला. मिस्तेरीची चित्रे उकरल्यावर संरक्षण म्हणून त्यांच्यावर मेण चढवले. ते पिवळे पडले, ओल भिंतीतच कोंडली. २०१३ ते २०१५ या काळात ते काळजीपूर्वक काढावे लागले. अजिंठ्यालाही १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजाम सरकारने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी लाखेचे व्हार्निश दिले आणि तेही पिवळे पडले. जुन्या वाड्यातल्या चित्रांना 'चमक' आणायला निघालेल्यांनी, मेणवलीचे असोत की आणखी कुठले, हे आधी वाचावे. लोणा लागलेल्या भिंतीवर वरून काहीही चोपडले की मीठ आतून पोपडे उचलते.

गर्दी नको असेल तर त्याच लोकलवर दोन स्थानके आधी, तोरे अनुंत्सिआता-ओप्लोंती येथे उतरावे. चालत दहा मिनिटांवर आजच्या रस्त्यापेक्षा बऱ्याच खोल खड्ड्यात एक प्रचंड व्हिला आहे. रोमन सम्राट नीरोची दुसरी पत्नी पोपिआ हिचा तो असावा, असे एका कुंभावरच्या मजकुरावरून मानतात. काचेच्या भांड्यातली डाळिंबे, अंजिरांची टोपली, मोर यांची चित्रे हातभर अंतरावरून पाहता येतात. साठ मीटर लांबीचा पोहण्याचा तलावही आहे. आठवड्याची सुट्टी आणि तिकीट मात्र आधी तपासावे.

नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी बंद असते, हे सहलीची आखणी करणाऱ्यांनी विसरू नये. भिंतींवरून कापून आणलेली कितीतरी चित्रे तिथे आहेत. तिथल्याच 'गुप्त दालना'त पाँपेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्तीही आहे. तिच्याशी जुळणारी मूर्ती आपल्या भोकरदनला सापडलेली आहे. ज्यांचा मुक्काम फक्त रोमलाच आहे त्यांनी तेर्मिनी स्थानकासमोरचे पालात्सो मासिमो गाठावे. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या व्हिलातली चारही भिंतींवर रंगवलेली बाग तिथे हलवलेली आहे. सोमवारी ते बंद असते.

पुरवणीत पुढच्या वेळी स्थळांच्या नावापुढे तिकिटाचा प्रकार आणि बंदचा वार छापावा, एवढी विनंती.

आपले,
चित्रकला व इतिहास विषयांचे काही अध्यापक, सांगली