आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना

काकू,

सा. न. वि. वि.

शिलाईचे पैसे तुम्ही घेतलेत, पण माझ्या कपाटापुढे बसून घालवलेल्या दुपारचे घेतले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. स्टाफरूममध्ये हल्ली कुणी ना कुणी विचारतं, "नवीन घेतलंस?" नवीन काहीच नाही, हे कुणाला पटत नाही. तर काय झालं ते एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकते.

माझ्या कपाटाची अवस्था बहुतेक बाईंच्या कपाटासारखीच होती. वास्तुशांती, मुंज, बारसं, जिथे जाऊ तिथला आहेर. घड्या न मोडलेल्या साड्यांचा ढीग, आणि शाळेत मात्र त्याच त्या चार. तुम्ही आल्यावर रंगाबिंगाचं काही बोलला नाहीत. विचारलंत ते असं: तास किती उभ्याने घेता? फळ्यावर कुठपर्यंत लिहिता? गाडीवर जाता की चालत? मग मला भिंतीपाशी उभं करून हात वर करायला लावलात, आणि ब्लाऊज कंबरेपासून चांगलं चार बोटं वर गेलं. मी म्हटलं, मुंढा (बाही जिथे जोडतात तो भाग) सैल करून द्या. तुम्ही मान हलवलीत. "मुंढा खोल केला की हात उचलताना अख्खं ब्लाऊज ओढलं जातं. मुंढा वरच हवा, सैलपणा बाहीला." आत माया (शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड) होती तेवढी सोडलीत आणि काखेत कापडाचा एक छोटा चौकोनी तुकडा जोडलात. आता फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना डावा हात पदराकडे जात नाही. आधी तो जायचा, हेसुद्धा तुम्हीच मला दाखवलंत.

तुमच्या नजरेचं मला अजून नवल वाटतं. माझे सगळे कुर्ते उलटसुलट करून तुम्ही उजव्या मांडीपाशी बोट ठेवलंत. प्रत्येकावर तिथे फिकट पट्टा. खडूचा हात मी तिथेच पुसते! काळा आणि गडद निळा कुर्ता त्यामुळेच लवकर जुनाट दिसायला लागले होते. तिथल्या शिवणीत तुम्ही रुमालाचा खिसा घातलात, आणि डावीकडे एक खोल खिसा, लाल पेन आणि मोबाइलसाठी. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर मी स्वतंत्र पत्र लिहू शकेन, पण ते तुम्हाला नको.

साड्यांचं गणित तर तुम्ही जमिनीवरच मांडलंत. साड्यांचे ढीग रंगावरून नाही, काठांवरून केलेत. "ब्लाऊज काठाशी जुळवा, साडीच्या अंगाशी नाही." निम्म्याहून जास्त साड्यांचे काठ मरून, बॉटल ग्रीन किंवा काळे निघाले. टू बाय टूची, म्हणजे त्या नावाने मिळणाऱ्या साध्या ब्लाऊजच्या कापडाची, तीन ब्लाऊजं शिवली आणि त्या कोऱ्या साड्या शाळेत यायला लागल्या. साडीबरोबरचा ऐंशी सेंटिमीटरचा तुकडा बहुतेकदा इतका पातळ असतो की अस्तर लावूनही टिकत नाही, हेही तुमचंच. ते तुकडे आता उशांच्या अभ्र्यांना लागले.

फॉल लावण्याआधी पाण्यातून काढायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि काठाला चुण्या पडतात. खांद्याच्या पिनेत आधी एक मणी ओवायचा, म्हणजे तिच्या गोल वेटोळ्यात साडीचा धागा अडकत नाही. जून ते सप्टेंबर जॉर्जेट, कारण गाडीवरून उतरेपर्यंत भिजलेला घोळ दुसऱ्या तासापर्यंत वाळतो. खळीच्या सुती साड्या दिवाळीनंतर. हे सगळं माझ्या आईला माहीत असणार, पण ती कधी बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

आजीच्या इरकली साडीला कात्री लावायला मात्र मी तयार नव्हते. तुम्ही ती उजेडात धरलीत. सुती अंग घड्यांवर विरलेलं, आणि लाल पदर जसाच्या तसा. "ठेवली तर घडीतच फाटेल," एवढंच म्हणालात आणि सुईदोरा आवरायला लागलात. आठवडाभराने मीच घेऊन आले. पदराचं तुम्ही कुर्त्याच्या छातीवर जोडकाम केलंत, काठ बाह्यांना लावलात. पालकसभेला घातला तर एका आईने थांबवून विचारलं, "इरकलच ना?" तिचं माहेर बागलकोटकडचं, जिथे इरकल विणतात तिथलंच, निघालं. मुलाच्या गणितापेक्षा आम्ही त्या कुर्त्यावरच जास्त बोललो.

मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासनाचा निर्णय आला, तेव्हा स्टाफरूममध्ये काय वादावादी झाली होती! बाईंनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, सरांनी शर्ट खोचून पॅन्ट, जीन्स-टीशर्ट नको. मला त्यात वावगं फारसं वाटलं नाही, पण उपयोगाचंही काही सापडलं नाही. तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही विचारलंत, "यात हात वर करायचं कुठे लिहिलंय?"

तुमचं एक मात्र मी ऐकलेलं नाही. काचेच्या बांगड्या शाळेत नकोत, लिहिताना वाजतात, असं तुमचं म्हणणं. वाजू देत. आठवी 'ब'ला व्हरांड्यातून मी येतेय हे त्यांच्यावरूनच कळतं, आणि मी पोचेपर्यंत निम्मा वर्ग जागेवर बसलेला असतो.

तर काकू, मनापासून आभार. आणि एक सूचना. या शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारी आमच्यातल्या चौघी तुमच्याकडे येतायत, पिशव्या भरून. त्यांना माझा दर सांगू नका. कपाट बघायला घरी बोलावलं तर त्याचे वेगळे घ्या, आणि तेही आधी. मी त्यांना पैशांचं काहीच सांगितलेलं नाही.

तुमची,
समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई