रामलिंगच्या दरीतील अनोळखी मदतगारांचे आभार

सोलापूरहून धाराशिवमार्गे येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आम्ही कुटुंबीय पावसाळ्यात गेलो होतो. महादेवाचे मंदिर खोल दरीत असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. जटायूची समाधी तेथेच असल्याची श्रद्धा असल्याने माझ्या आईला ते ठिकाण फार दिवसांपासून पाहायचे होते. दर्शनानंतर धबधब्याकडे जाताना ओल्या खडकावर तिचा पाय घसरला, घोटा पाहता पाहता सुजला आणि तिला उभे राहणेही अशक्य झाले.

तेव्हा नारळ-फुले विकणाऱ्या एका मावशींनी आपला स्वच्छ पंचा ओढ्याच्या गार पाण्यात भिजवून आईच्या घोट्याला बांधला, दुकानातील खुर्ची दिली आणि दर्शनाला आलेल्या चार तरुणांना हाक मारली. त्या तरुणांनी आईला खुर्चीत बसवून त्या सगळ्या पायऱ्या चढवल्या. पुढचा तरुण प्रत्येक टप्प्यावर "आजी, आता उचलतोय, घट्ट धरा" असे सांगे, त्यामुळे आईची भीती गेली. माझ्या मते, खुर्ची वाहण्याइतकेच हे सांगणे मोलाचे होते. वर गाडीपाशी पोहोचल्यावर पैसे देऊ केले, ते कोणीही घेतले नाहीत. उलट मावशींची खुर्ची परत करायला एक जण पुन्हा दरीत उतरला.

हाड मोडलेले नाही आणि आई आता चालू लागली आहे. नावे विचारायची राहून गेली. म्हणून त्या मावशींचे आणि चौघा तरुणांचे आम्ही सर्व कुटुंबीय येथे मनापासून आभार मानतो.