हप्ता नाही, पण बिल तुमच्या हातात आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आरोग्य विम्याचे हप्ते राज्य सरकार ठरवत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांवर देखरेख हैदराबादच्या इर्डाची, म्हणजे केंद्रीय विमा नियामकाची. वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला, तो निर्णयही जीएसटी परिषदेचा. पण हप्ता चढतो क्लेममुळे, आणि क्लेम फुगतो रुग्णालयाच्या बिलामुळे. रुग्णालये राज्यसूचीत आहेत.

बिल फुगते कसे, ते एका हिशोबात पाहा. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा रोज 5,000 रुपये. रुग्णाने 8,000 ची खोली घेतली, मुक्काम पाच दिवस. बिल झाले 3 लाख : खोली 40,000, सर्जन, भूल आणि ओटी (शस्त्रक्रियागृह) मिळून 1,40,000, औषधे, इम्प्लांट व तपासण्या 1,20,000. घरच्यांना वाटते, फार तर वरचे 15,000 भरावे लागतील. प्रत्यक्षात कंपनी सर्जन-ओटीची रक्कमही पाचास आठ या प्रमाणात कापते आणि 87,500 देते. औषधे, इम्प्लांट, तपासण्यांना ही कात्री लागत नाही. तरी खिशातून जातात 67,500, आणि हे कळते डिस्चार्जच्या दिवशी, काउंटरवर.

कंपनीला दोष देणे सोपे आहे. पण ही कपात आली कुठून? तीच शस्त्रक्रिया, तोच सर्जन, तेच ओटी, पण खोली बदलली की बहुतेक मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा दरही बदलतो. डीलक्स खोलीतल्या माणसाचे अपेंडिक्स काही वेगळे नसते! महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती होऊन दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. त्यातच एक कलम वाढवा : खोलीच्या वर्गानुसार फक्त खोलीभाडे आणि शुश्रूषा यांचे दर बदलतील, बाकी सगळे एकाच दराने. महागड्या खोल्यांच्या जिवावर जनरल वॉर्ड चालतो, असे रुग्णालये म्हणतील. त्यात तथ्य आहे. मग तो भार खोलीभाड्यातच उघडपणे दाखवावा. खरा धोका वेगळाच आहे : सगळे दर वरच्या वर्गाला नेऊन बसवले जातील. म्हणून आदल्या वर्षीचे दरपत्रक आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे जमा करून घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

दुसरी गोष्ट महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण आहे. हा पाया धरला, तर मध्यमवर्गीय कुटुंबाने पूर्ण पॉलिसी घेण्याऐवजी 5 लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप, म्हणजे त्या रकमेपुढचाच खर्च देणारा विमा, घ्यावा. तो पूर्ण पॉलिसीपेक्षा बराच स्वस्त पडतो. (साधा टॉप-अप नको. तो प्रत्येक भरती वेगळी मोजतो, सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो.) यासाठी योजनेतून सुटी मिळताना रुग्णाच्या हातात एक कागद हवा : पॅकेजचा (उपचारासाठी योजनेने ठरवलेल्या एकत्रित दराचा) कोड, मंजूर रक्कम, भरती-सुटीच्या तारखा. योजनेने दिलेली रक्कम डिडक्टिबलमध्ये, म्हणजे टॉप-अप सुरू होण्याआधीच्या 5 लाखांत, धरली जाईल, हे विमा कंपन्यांकडून आधी लेखी घ्या, म्हणजे ऐन वेळी वाद नको.

अर्थात, योजनेचा पाया रुग्णालयांच्या तयारीवर टिकतो. पॅकेजचे पैसे थकले की योजनेच्या खाटा ‘भरलेल्या’ असतात. राज्य आरोग्य हमी सोसायटीने कोणत्या रुग्णालयाचा क्लेम किती दिवसांत चुकता झाला, ते संकेतस्थळावर दर महिन्याला टाकावे. त्याला नवा कायदा लागत नाही.

नियम-दुरुस्तीचा मसुदा हरकतींसाठी काढाल, तेव्हा दरपत्रकाचा छापील नमुना सोबत जोडा. पॅकेजमध्ये हातमोजे, सिरिंज, ड्रेसिंग धरले आहे की नाही, याचा रकाना त्यात वेगळा ठेवा. तो नसला की हाच खर्च बिलात दुसऱ्या नावाने परत येतो.

आपले,
विमा दाव्यांचे काम करणारे काही नागरिक