डुबकीआधी कान दाखवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांत स्कूबा डायव्हिंगची छायाचित्रे झळकू लागतात. मासे असतात, प्रवाळ असतात, पण कानांबद्दल एक ओळही नसते. पाण्याखाली जाणाऱ्यांना सर्वांत जास्त इजा होते ती कानालाच. म्हणून हे पत्र.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लेकीबरोबर स्कूबाला जायचे ठरले, तेव्हा भरायला आरोग्याची प्रश्नावली आली. सर्दी झाली की माझ्या डाव्या कानाला दडा बसतो आणि लवकर सुटत नाही, म्हणून कानाच्या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिले. मग डॉक्टरांची सही आलीच. ‘काकू, सगळीकडे नाही लिहून टाका, कोण बघतंय?’ असे लेकीची मैत्रीण म्हणाली. मी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टर मोठे गमतीदार निघाले. ‘पाण्यात उतरायचंय? मग आधी कोरड्यावरची परीक्षा द्या,’ म्हणत त्यांनी डाव्या कानात दुर्बीण धरली आणि नाक चिमटीत पकडून, तोंड मिटून हळूच फुंकायला सांगितले. ‘हलला, हलला! जरा आळशी आहे, पण हलला.’ उजव्या कानात डोकावले आणि म्हणाले, ‘इथे तर पडद्यावरच पडदा पडलाय.’ वाळलेल्या मळाने कानाची वाट पुरती बुजली होती. तो त्यांनी काढला. मग नाक धरून आवंढा गिळण्याची दुसरी पद्धत स्वतः करून दाखवायला लागले. समोरासमोर बसून आम्ही दोघे नाक दाबून गिळतोय, तेवढ्यात त्यांच्या मदतनीस ताई फाइल घेऊन आत आल्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिले, अवाक्षरही न बोलता खिडकी उघडली आणि बाहेर गेल्या. डॉक्टरांना इतके हसू आले की दुर्बीण खाली ठेवावी लागली.

हसणे ओसरल्यावर त्यांनी जे सांगितले, ते प्रत्येकाला माहीत हवे. पाण्यात १० मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. पण कानाच्या पडद्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. पडदा जेमतेम नखाएवढा, जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. दोन मीटरवरच पाणी त्याला शंभर ग्रॅमहून जास्त भाराने आत ढकलते. घशाकडून मध्यकर्णात जाणारी बारीक नळी उघडून आतून तेवढीच हवा पोचवली, तरच तो भार सावरतो. सर्दीत हीच नळी सुजते. नाक धरून फुंकण्याची युक्ती वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ मध्ये कानातला पू बाहेर काढण्यासाठी सांगितली होती. आज जगभरचे पाणबुडे तीच वापरतात.

ही युक्ती कान दुखायला लागल्यावर करायची नाही. पाण्याच्या पृष्ठभागापासूनच सुरुवात करायची आणि उतरताना थोड्या थोड्या अंतरावर करत राहायची. कान मोकळा होत नसेल तर तिथेच थांबायचे, थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. जोर लावून फुंकायचे नाही, कारण त्याने अंतर्कर्णाचा नाजूक पापुद्रा फाटून कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. मी कानात बोळे घालण्याबद्दल विचारले, तर डॉक्टर एकदम गंभीर झाले. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडते, ती नाकाकडून सोडवता येत नाही. मळाचा खडाही तेच करतो. शिवाय गार पाणी एकाच कानात आतपर्यंत पोचले की चक्कर येते आणि पाण्याखाली वर-खाली कळेनासे होते. नाक मोकळे करणारी औषधे घेऊन सर्दीत उतरणेही वाईट, कारण खाली असताना औषधाचा असर संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

माझ्या प्रश्नावलीवर डॉक्टरांनी सही केली, पण अटीवर: सर्दी झाली तर बेत रद्द. लेकीला ते मी सांगून ठेवले आहे. तिचेही कान दाखवून आणले आणि त्या मैत्रिणीलाही पाठवले.

आपल्याला विनंती एवढीच, की स्कूबाचा लेख छापाल तेव्हा त्यात कानांची चौकट द्यावी. आयोजकांनीही प्रश्नावली नोंदणीच्या वेळीच द्यावी. कित्येकांच्या हातात ती होडीत चढताना पडते. पैसे भरलेले असतात, सोबतचे खोळंबलेले असतात, अशा वेळी कोणीही ‘नाही’वरच खूण करणार. आठवडाभर आधी मिळाली तर मळ काढून घेता येईल, दडा बसणारा कान तपासता येईल आणि नाक धरून गिळण्याचा सराव घरीच होईल.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका