कैद्याला धर्म नको, पथ्य विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुरुंगात धर्माप्रमाणे जेवण द्यावं की नाही, यावर आपल्या पत्रांच्या सदरात चाललेला वाद मी वाचतो आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच : गुन्हा करून आत गेला, आता वर आवडीनिवडी कसल्या? पानात पडेल ते मुकाट्याने खावं. माझी नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या भटारखान्यावर देखरेख करण्यात गेली. तुरुंगाचा मला अनुभव नाही, पण शेकडो माणसांचं एका ठिकाणी शिजवताना कुठे काय अडतं आणि कुठे उगाच अडतं असं सांगितलं जातं, हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आवडनिवड आणि पथ्य या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू. बाहेरच्या माणसाला एखादं जेवण चालत नसेल तर तो उठून दुसरीकडे जातो, डबा आणतो, नाहीतर स्वतः रांधतो. कैद्याच्या हातात यातलं काही नसतं. समोर आलेलं ताट घ्यायचं किंवा उपाशी राहायचं. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला स्वतःच्या पैशाने बाहेरून जेवण मागवू द्यावं, असं आंतरराष्ट्रीय नियम सुचवतात. शिक्षा झालेल्याला तीही वाट नाही. ज्याची सगळी दारं सरकारने बंद केली, त्याच्या ताटाची जबाबदारी सरकारवरच येते. त्यात लाड कुठे आला?

हे नियम म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये मंजूर केलेले ‘नेल्सन मंडेला नियम’. एकूण १२२ आहेत. त्यांतला दुसरा नियम सांगतो की कैद्यांच्या धर्मश्रद्धांचा आणि नैतिक तत्त्वांचा आदर राखावा. बाविसावा नियम जेवणाचा : अन्न पौष्टिक असावं, चांगलं शिजवलेलं आणि नीट वाढलेलं असावं, पिण्याचं पाणी हवं तेव्हा मिळावं. गंमत अशी की या बाविसाव्या नियमात धर्माचा शब्दही नाही. युरोपच्या २००६ च्या तुरुंग नियमावलीत मात्र त्याच बाविसाव्या क्रमांकाखाली वय, प्रकृती, कामाचं स्वरूप यांच्या जोडीला धर्म आणि संस्कृतीही लक्षात घेऊन आहार द्यावा, असं स्वच्छ लिहिलं आहे. मला हा क्रम आवडतो. म्हातारपण, दुखणं, अंगमेहनत आणि श्रद्धा हे सगळं एका ओळीत. कुणाचंही कौतुक नाही, कुणावर उपकारही नाहीत.

ज्यांच्या नावाने हे नियम आहेत, त्या मंडेलांच्या तुरुंगातला शिधा आठवा. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावर कैद्यांची ताटं वंशाप्रमाणे ठरत. भारतीय आणि मिश्रवर्णीय कैद्यांना पाव मिळे, कृष्णवर्णीय आफ्रिकी कैद्यांना तो मिळत नसे. साखर आणि मांसही त्यांच्या वाट्याला कमी. म्हणजे माणूस कोण आहे ते पाहून ताट लावायचं. आज धर्मपथ्याला विरोध करणारे काही जण ‘सगळ्यांना सारखं’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात अशाच प्रकाराची धास्ती असावी आणि ती अगदीच चुकीची नाही. पण त्यावरचा उपाय सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ टाकणं हा नव्हे. पोषण सगळ्यांना सारखं हवं, मापही सारखं हवं. चालत नाही तेवढा जिन्नस मात्र बदलून मिळावा.

यासाठी धर्म विचारायची गरज काय, हाच माझा मुख्य मुद्दा आहे. आमच्या भटारखान्यात वॉर्डातून चिठ्ठ्या येत. खाट क्रमांक अमुक, मीठ नाही. खाट क्रमांक तमुक, दूध नाही. रोगाचं नाव वाढप्याला कळायचं कारण नव्हतं आणि कळतही नसे. तुरुंगातही कोठीपर्यंत एवढंच पोचावं : या क्रमांकाच्या माणसाला मांस नाही, याला डुकराचं नाही, याला कंदमुळं नाहीत, याला हलाल लागतं, याला कोशर, म्हणजे यहुदी धर्मनियमांप्रमाणे केलेलं, लागतं. धर्माच्या नावाने याद्या केल्या की दोन घोटाळे होतात. एक तर एकाच धर्माची दोन माणसं एकसारखं पाळत नाहीत. एक बौद्ध मांस खातो, दुसरा त्याला शिवत नाही. दुसरा घोटाळा त्याहून वाईट. यादी वाचून दाखवली की बराकीत सगळ्यांना समजतं कोण कुठला, आणि मग गट पडतात.

आता खर्चाचं बोलू, कारण सगळे शेवटी तिथेच येतात. पोलंडमधल्या एका कैद्याने बौद्ध असल्यामुळे मांसाविना जेवण मागितलं होतं. तुरुंगाने त्याला डुकराचं मांस वगळलेलं जेवण देऊ केलं, जणू सगळी पथ्यं एकच असतात. ‘याकोब्स्की विरुद्ध पोलंड’ या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : त्याचं जेवण काही वेगळ्या विधीने शिजवायचं नव्हतं, त्यासाठी खास जिन्नसही आणायचे नव्हते, मग एवढं देण्यात अडचण कसली? २०१३ मध्ये रोमानियातल्या तशाच एका खटल्यात आणखी बोलकी गोष्ट पुढे आली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवास करणाऱ्या कैद्यांसाठी तसं जेवण तुरुंगांत आधीच होत होतं! म्हणजे पातेलं चुलीवर होतंच; या माणसाच्या ताटात त्यातलं वाढायला कुणी तयार नव्हतं.

सगळीच पथ्यं इतकी सोपी नसतात, हे मान्य. कोशरला मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी लागतात, कुणीतरी जाणकार देखरेखीला लागतो. बाहेरून बंद पाकिटं आणली तर ती महाग पडतात. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने हेच कारण पुढे केलं होतं. तिथे २००० सालच्या एका केंद्रीय कायद्यानुसार कैद्याच्या धर्मपालनात मोठी आडकाठी करायची तर सरकारला अत्यंत निकडीचं कारण दाखवावं लागतं आणि त्यातही कमीत कमी जाच होईल असाच मार्ग धरावा लागतो. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने फ्लोरिडाचा खर्चाचा मुद्दा पुरेसा मानला नाही. केंद्र सरकारचे तुरुंग आणि इतर अनेक राज्यं हे जेवण देत असताना तुम्हालाच का जमत नाही, याचं उत्तर राज्याकडे नव्हतं. भटारखान्याच्या हिशेबाने मी एवढंच म्हणेन की कडधान्यं आणि भाज्यांचं एक साधं, पोटभरीचं, नीट शिजवलेलं जेवण रोज तयार असेल तर बऱ्याचशा पथ्यांची सोय त्यात होऊन जाते. उरतात ती थोडी माणसं. खर्च त्यांच्यापुरता मोजा, सगळ्या तुरुंगाच्या डोक्यांनी गुणू नका.

एक मात्र बजावून सांगतो. याचा अर्थ ‘मग सगळ्यांनाच शाकाहारी करून टाका’ असा कुणी काढू नये. कोठीची कटकट मिटेल, पण एकाचं पथ्य दुसऱ्याच्या घशाखाली लोटल्यासारखं होईल. पर्याय हा पर्यायच राहिला पाहिजे.

नियम कितीही चांगला असो, तो बिघडतो वाढायच्या डावाशी. हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं आहे. दोन पातेली शेजारी शेजारी, वाढणाऱ्याच्या हाती एकच डाव, रांग लांबलेली. या पातेल्यातला डाव त्या पातेल्यात जातो, वर ‘थेंबभराने काय होतं’ हे ऐकायला मिळतं. आमच्याकडे त्या थेंबाने एखाद्याचं पोट बिघडे. पथ्य पाळणाऱ्या कैद्याचा तर त्या क्षणी जेवणावरचा विश्वासच उडतो, आणि पुढे आठवडाभर चोख वाढलं तरी तो ताटाकडे संशयानेच बघतो. इंग्लंड आणि वेल्समधल्या तुरुंगांना ‘हलाल’ म्हणून पुरवलेल्या पदार्थांत २०१३ मध्ये डुकराच्या मांसाचा अंश आढळला होता. ती गोष्ट प्रयोगशाळेतल्या तपासणीत उघडकीला आली. जेवणाऱ्याला चवीवरून कळायचा मार्गच नव्हता. म्हणून खरेदीच्या कागदपत्रांइतकंच लक्ष रंगीत मुठीच्या वेगळ्या डावाकडे, झाकणावरच्या चिठ्ठीकडे आणि आधी कुठलं पातेलं वाढायचं या क्रमाकडे द्यावं. यांना जवळपास काहीच खर्च येत नाही. भटारखान्यात काम करणारे बहुधा कैदीच असतात. त्यांच्यातल्याच पथ्य पाळणाऱ्या एखाद्याला त्या पातेल्यावर नेमलं तर अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

काही पथ्यांत पदार्थाइतकाच वेळही महत्त्वाचा असतो. रमजानचे उपवास सूर्यास्ताला सुटतात आणि हा महिना सौर वर्षात दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा लावून भागत नाही. तुरुंगात संध्याकाळचं जेवण बहुधा उजेडीच आटोपतात, कारण मोजणी आणि कुलूपबंदी व्हायची असते. सूर्यास्तापर्यंत ते ताट कोठडीतच गार होतं. ऊब धरणारे डबे आणि पहाटेसाठी आदल्या रात्री दिलेला कोरडा शिधा एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. दिवसभर उपाशी राहिलेल्याला एरवीच्या दोन वेळांइतकं अन्न मिळतं की नाही, ते मात्र कुणीतरी मोजायला हवं. दुपारचं ताट ‘घेतलं नाही’ म्हणून ते हिशेबातून वगळणं मला तरी पटत नाही.

‘लोक खोटं सांगून चांगलं जेवण लाटतील’ हा आक्षेप राहतो. काही लाटतील, नाही कशाला म्हणू? पण विशेष जेवण नेहमीच्या जेवणापेक्षा चांगलं असेल तेव्हाच त्यात लाटण्यासारखं काही असतं; म्हणजे दुरुस्त करायचं आहे ते नेहमीचं जेवण. धर्मग्रंथावरचे प्रश्न विचारून खरेखोटेपणा ठरवण्याची पद्धत मला हास्यास्पद वाटते. बाहेर जन्मभर उपवास करणारे कितीतरी जण त्या परीक्षेत नापास होतील. नावनोंदणीला आठवड्याचा अवधी ठेवा आणि रोज रोज बदलू देऊ नका. पण एकदा कॅन्टीनमधून चुकीचं बिस्किट घेतलं म्हणून कायमचं नाव काढणं, हे जे पथ्य बाहेरची माणसंही अधूनमधून मोडतात ते कैद्याने न चुकता पाळावं असं म्हणण्यासारखं आहे. यादीतून गुपचूप बाहेर पडण्याची सोयही हवी. काही जण बराकीतल्या दबावामुळे पथ्य धरतात आणि सोडायची त्यांना भीती वाटते. आणि हो, देव न मानणारा पण तत्त्व म्हणून मांस न खाणारा कैदीही असतो. मंडेला नियमांतल्या दुसऱ्या नियमातली ‘नैतिक तत्त्वे’ त्याच्यासाठीही आहेत.

मंडेला नियमांतल्या त्रेचाळिसाव्या नियमाने शिक्षा म्हणून आहार किंवा पाणी कमी करायला बंदी घातली आहे. खाता येणार नाही असंच ताट जाणूनबुजून रोज समोर ठेवणं यापेक्षा फारसं वेगळं नाही, असं मला वाटतं. कागदावर शिधा पूर्ण, पोटात अर्धा.

शेवटी एक अगदी किरकोळ वाटणारी सूचना. कैद्याची एका तुरुंगातून दुसऱ्यात बदली झाली की त्याची औषधांची नोंद सोबत जाते. पथ्याची नोंदही त्याच कागदात टाकावी, म्हणजे नव्या ठिकाणी पुन्हा अर्ज, चौकशी आणि मंजुरी होईपर्यंत त्याला नुसत्या पावावर आणि पाण्यावर दिवस काढावे लागणार नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक